काऊन?

दिसायला सोप्या आणि पाळायला जीवघेण्या अशा ज्या काही आज्ञा या जगात आहेत, त्यांत ‘जरा सहज हसा बघू’ ही फोटोग्राफरची आज्ञा पहिली आणि ‘खालील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा’ ही इतिहासाच्या पेपरातली आज्ञा दुसरी. पहिलीनं माणसाचा नुसता चेहरा बिघडतो. दुसरीनं वर्ष बिघडतं.

मी या दुसऱ्या आज्ञेच्या दोन्ही बाजूंना राहिलेला माणूस आहे. आधी चंद्रपूरला विद्यार्थी म्हणून मी ती पाळली नाही, आणि पुढं 1987 पासून एकतीस वर्षं, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इतिहासाचा प्राध्यापक म्हणून, ती दुसऱ्यांना पाळायला लावली. म्हणजे ज्याला स्वतःला पोहता येत नाही त्यानं काठावर उभं राहून ‘हात मारा, हात मारा’ म्हणून ओरडावं, तसला हा प्रकार.

वास्तविक प्रश्न असतो पाच मार्कांचा. उत्तर अपेक्षित असतं शे-दीडशे शब्दांचं. पण आमच्या वेळी वरच्या वर्गातल्या मुलांनी आम्हाला एक शास्त्र शिकवलं होतं. ते असं, की परीक्षक उत्तर वाचत नाही, वीत लावून मोजतो. एका वितीला दोन मार्क. त्यामुळं पुरवण्या मागणं हा पुरुषार्थ समजला जाई. आमच्या एका मित्रानं मराठ्यांच्या इतिहासाच्या पेपरला सात पुरवण्या लावल्या. दोरा बांधताना त्याला पर्यवेक्षकांची मदत घ्यावी लागली. पेपर संपल्यावर आठवडाभर त्याला कँटीनमध्ये फुकट चहा मिळत होता. निकाल लागल्यावर तो बंद झाला.

बरं, एवढं लिहायचं काय? त्याची सोय गाईडात होती. गाईडाच्या मते जगातल्या प्रत्येक घटनेला सहा प्रकारची कारणं असतात. राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी आणि तात्कालिक. पोस्टात टपाल वेगळं करायला खण असतात ना, तसे हे सहा खण. फ्रेंच राज्यक्रांती असो, पानिपत असो, की 1857 असो, घटना आली की फोडायची आणि खणांत टाकायची. पाच खण कसेही भरायचे. अडचण यायची ती धार्मिक खणाची. दुसऱ्या महायुद्धाची धार्मिक कारणं मी एकदा साडेतीन ओळी लिहिली आहेत. ती काय होती ते आता आठवत नाही, पण परीक्षकांनी अर्धा मार्क दिला होता.

ही सवय एकदा लागली की सुटत नाही. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मी बाजारातून पिशवीभर वांगी आणली आणि घरात जो काही उठाव झाला, त्याचीही कारणं मी मनातल्या मनात याच खणांत लावली. आर्थिक : वांगी महाग होती. सामाजिक : त्या दिवशी हिच्या माहेरची माणसं आलेली होती. राजकीय : ती आल्याचं मला कोणी कळवलं नव्हतं. तात्कालिक : वांगी किडकी निघाली. सगळं विश्लेषण तयार होतं, पण ते ऐकून घ्यायला घरात कोणी तयार नव्हतं.

या खणांच्या राज्यात मला पहिला धक्का बी.ए.ला असताना बसला. प्रश्न होता, ‘चांदा शहर का वसले?’ आता चंद्रपूरच्या मुलाला हा प्रश्न म्हणजे घरचा. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाची गोष्ट आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलेलो. राजाला त्वचेचा रोग होता. झरपट नदीच्या पाण्यानं तो बरा झाला. पुढं तिथंच त्याला एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. कुत्रा सशाचा नव्हे, ससा कुत्र्याचा! राजाला वाटलं, जागा पराक्रमी आहे. मग राणीच्या सल्ल्यानं ससा जिथून जिथून धावला, त्या वाटेनं परकोट बांधायचं ठरलं. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या चार वेशींचा तो कोट आजही उभा आहे. मी रंगात येऊन अडीच पानं लिहिली आणि शेवटी निष्कर्ष काढला, की ‘अशा प्रकारे सशाच्या पराक्रमामुळे चांदा शहर वसले.’

आमच्या सरांनी खाली लाल शाईत एकच ओळ लिहिली. ‘याबाबत कुत्र्याचे म्हणणे काय?’

वर्ग पोट धरधरून हसला. पण नंतर सरांनी जे सांगितलं ते मला गाईडात कुठं सापडलं नव्हतं. ते म्हणाले, ‘गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. लोकांना आपल्या गावाचा अभिमान का वाटला, ते कळायला ती उपयोगाची आहे. पण ती कारण नव्हे. तू एक कर. गोष्टीतून ससा काढून टाक आणि बघ काय उरतं. इरई आणि झरपट अशा दोन नद्या उरतात. बारमाही पाणी उरतं. कोट बांधण्याइतकी सत्ता आणि माणसं असलेलं राज्य उरतं. ससा काढल्यावर जे उरतं ते कारण.’

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि विसरून गेलो. रेघा मारलेल्या गोष्टी विसरायला आपण मोकळे असतो.

पुढं नोकरी लागली ती गडचिरोली जिल्ह्यात. हा जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. म्हणजे मी तिथं गेलो तेव्हा जिल्हा पाच वर्षांचा आणि मी सत्तावीस वर्षांचा, आणि दोघांनाही अजून नीट चालता येत नव्हतं. पावसाळ्यात नदीनाल्यांवरून पाणी गेलं की रस्ता बंद, रस्ता बंद झाला की एस.टी. बंद आणि एस.टी. बंद झाली की कॉलेज आपोआप बंद. याला मात्र एकच कारण असे आणि ते सगळ्यांना मान्य असे.

मुलं गुणी होती. पण थोडक्यात म्हणजे काय, हे त्यांना पटवणं महाकठीण. त्यात त्यांचाही दोष म्हणता येणार नाही. हा पडला झाडीपट्टीचा मुलूख. धान घरात आलं, की गावोगाव शंकरपट आणि मंडई, आणि तिथं रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेच्या कोंबड्याबरोबर संपणार. खलनायक एकदाचा मरायला लागला, की तीन गाणी म्हटल्याशिवाय मरत नाही. ज्या मुलांनी लहानपणापासून रात्र-रात्रभराची नाटकं पाहिली, त्यांना मी सांगणार, ‘वासाहतिक धोरणाचे परिणाम, दीडशे शब्द!’ ती मनातल्या मनात म्हणत असतील, की या सरांच्या गावाला मंडई भरत नाही वाटतं.

शिवाय प्रश्नाचं क्रियापद वाचायची चाल नव्हती. ‘वर्णन करा’, ‘स्पष्ट करा’, ‘मूल्यमापन करा’, ‘कारणे द्या’ असं काहीही विचारा, उत्तर एकच. त्या विषयाचं जे-जे म्हणून ठाऊक आहे ते सगळं. पाहुण्यानं पाणी मागितलं तर त्याला विहीर दाखवावी, तसं. इंग्रज आले की ‘फोडा आणि झोडा’ यायचंच. मग प्रश्न रेल्वेचा असला तरी चालेल.

मी काय केलं? जे माझ्या बाबतीत झालं तेच मी केलं. सहा खण शिकवले. एवढंच नव्हे, तर नमुना उत्तरं तयार केली. पाच मार्कांना पाच मुद्दे, मुद्द्याला मार्क. वाण्याच्या दुकानासारखा चोख व्यवहार.

आणि मग 1993 च्या घटक चाचणीत सतरा नंबरचा पेपर माझ्या हातात आला.

प्रश्न होता, ‘बाबुराव शेडमाके यांच्या उठावाला अपयश का आले? थोडक्यात विश्लेषण करा.’ ही हकिकत आमच्या भागात नवी नाही. 1853 च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले आणि 1854 साली इंग्रजांनी राज्य खालसा केलं. त्याबरोबर चांदाही गेला. 1858 साली मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव उठले. 29 एप्रिल 1858 रोजी चिंचगुंडीला इंग्रजांच्या तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. त्यात दोन इंग्रज मारले गेले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन यानं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. बाबुराव पकडले गेले आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याला त्यांना फाशी दिलं.

माझ्या नमुना उत्तरात पाच मुद्दे होते : शस्त्रांचा अभाव, इंग्रजांचे सुसज्ज सैन्य, इतर जमीनदारांची उदासीनता, संघटनेचा अभाव आणि फितुरी. इतर मुलांनी ते पाचही लिहिले. दोघांनी धार्मिक कारणंही घातली. सतरा नंबरनं लिहिलं होतं ते एवढंच :

‘इंग्रजांनी बाबुरावांना जंगलात हरवले नाही. जंगलातला माणूस जंगलातल्या माणसाने दाखवल्याशिवाय सापडत नाही. लक्ष्मीबाईंना दम दिला, धरून द्या नाही तर जमीनदारी जाईल. पुस्तकात याला फितुरी लिहिले आहे. फितुरी हे कारण नाही. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तर त्यांनाही हाच दम मिळाला असता. कारण भीती आहे. ज्याच्याजवळ जाण्यासारखे काही असते, त्याला भीती घालता येते.’

मी दोन मार्क दिले. शेरा लिहिला, ‘मुद्दे अपुरे. लष्करी कारणे?’ आणि पुढचा पेपर ओढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टाफरूमच्या दारात सतरा नंबर उभी. एटापल्लीकडच्या एका गावची मुलगी. घरी माडिया बोलणारी, मराठी आश्रमशाळेत शिकलेली. आधी पाच मिनिटं नुसतीच उभी होती. मग म्हणाली,

‘सर, तीन मार्क काऊन कापले जी?’

आता ‘काऊन’ हा आमच्याकडचा शब्द. पुण्यामुंबईची माणसं ‘का’ म्हणतात, ‘का बरं’ म्हणतात, रागावली तर ‘का म्हणून’ म्हणतात. पण ‘काऊन’मध्ये जी धार आहे ती त्यांत नाही. ‘का’ला काहीतरी सांगून वेळ मारून नेता येते. ‘काऊन’ समोर उभा राहतो तो उत्तर घेतल्याशिवाय हलत नाही.

मी सुरुवात केली. म्हटलं, ‘असं बघ, कोणत्याही ऐतिहासिक घटनेमागं एकच एक कारण नसतं. राजकीय बाजू असते, आर्थिक बाजू असते...’ मी बोलत होतो. एक घंटा झाली. मी बोलत होतो. डलहौसी झाला, तैनाती फौज झाली, तारायंत्र झालं. शिपाई चहाचे कप उचलून घेऊन गेला. दुसरी घंटा झाली. मुलगी मान हलवत ऐकत होती. शेवटी तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि अगदी अदबीनं म्हणाली,

‘थोडक्यात सांगा ना जी.’

स्टाफरूममध्ये बसलेले दोन प्राध्यापक एकाएकी वर्तमानपत्रात तोंड घालून वाचायला लागले. पैकी एकाचं वर्तमानपत्र उलटं होतं.

‘गाडी चुकते जी,’ ती म्हणाली. ‘उद्या सांगजा.’ आणि साडेचारची एस.टी. पकडायला गेली.

त्या रात्री मी कंदिलाच्या उजेडात तिचे तीन मार्क का कापले, याचं थोडक्यात उत्तर लिहायला बसलो. कंदील अशासाठी, की वीज गेली होती. लिहिता-लिहिता अकरा वाजले. ही उठून आली.

‘काय लिहिताय?’

‘थोडक्यात उत्तर.’

‘हे नववं पान आहे.’

मी सगळी हकिकत सांगितली. हिनं आधी मुलीचा पेपर वाचला. मग माझी पानं घेतली, दुसऱ्या पानावर थांबली, आणि दोन्ही माझ्यापुढं ठेवून म्हणाली, ‘तिनं उत्तर दिलंय. तुम्ही माहिती दिलीय.’ आणि झोपायला गेली. वांग्यांचा हिशेब तिनं त्या दिवशी पुरा केला.

तेव्हा मला बारा-तेरा वर्षांनी ससा आठवला.

मी तिच्या उत्तरातून एकेक गोष्ट काढून बघायला लागलो. इंग्रजांच्या बंदुका काढल्या तर? बंदुकांनी बाबुराव सापडलेच नव्हते. लक्ष्मीबाई काढल्या तर? दुसऱ्या कोणाला तरी गाठून तोच दम दिला असता. पण तो दमच काढला तर? मग मात्र गोष्ट पुढं सरकेना. म्हणजे या मुलीनं, गाईड न वाचता, सशाला बरोबर कानाला धरून बाहेर काढलं होतं. आणि आम्ही काय करत होतो? पानिपतापासून पुढं जिथं म्हणून अडलं, तिथं ‘फितुरी’ असा शिक्का मारून मोकळे. एका माणसाचं नाव सापडलं की शोध संपला. त्या माणसाच्या मानेवर सुरी कोणी ठेवली होती, ते विचारायला मार्क नव्हते.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मराठी तिची घरची भाषा नव्हती. परक्या भाषेत माणूस परगावी गेल्यासारखा वागतो. पैसे मोजून आणलेले असतात, ते गरजेपुरतेच खर्च करतो. आम्ही मराठीत जन्मलेले. बापाचं दुकान, उधळा.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावलं आणि खोडून साडेचार मार्क केले. म्हटलं, ‘तुझं उत्तर बरोबर होतं. माझं चुकलं.’ हे सहा शब्द. आयुष्यात मी लिहिलेलं वा बोललेलं हे सगळ्यात छोटं विश्लेषणात्मक उत्तर.

त्यानंतर नमुना उत्तरं बंद केली. वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘काऊन?’ लिहायचो आणि खाली चार ओळींचा नियम. पहिल्या ओळीत उत्तर. दुसरीत कारण. तिसरीत पुरावा. चौथीत ससा काढून बघा.

याचे सगळेच परिणाम चांगले झाले असं नाही. काही मुलं या संधीची वाटच बघत होती. ‘गडचिरोली जिल्हा वेगळा का करण्यात आला?’ या प्रश्नाला एकानं तीन शब्दांत उत्तर दिलं, ‘चंद्रपूर लांब म्हणून.’ मी म्हटलं, ‘पुरावा?’ तो म्हणाला, ‘सर, तुम्ही एकदा सिरोंच्याहून येऊन बघा जी.’ सिरोंचा ते चंद्रपूर दोनशे किलोमीटरच्या घरात. एक दिवस जायला, एक दिवस ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे ऐकायला आणि एक दिवस परत यायला. पुरावा बिनतोड होता. मार्क द्यावे लागले.

पण एक उत्तर मला अजून पाठ आहे. प्रश्न 1878 च्या वनकायद्याचा होता. गाईडात त्यावर दीड पान आहे. राखीव जंगल, संरक्षित जंगल, इमारती लाकूड, रेल्वेचे स्लीपर वगैरे. एका मुलानं लिहिलं, ‘कायद्याच्या आधी माणूस जंगलातून लाकूड आणत होता. कायद्यानंतर चोरत होता. माणूस तोच, लाकूड तेच, कुऱ्हाड तीच. बदलला फक्त शब्द.’ मी समासात पुरावा विचारला होता. त्यानं खाली पेन्सिलीनं लिहून दिलं, ‘आमची कुऱ्हाड जप्त आहे.’

पुढं 2009 साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क कायद्यानं मिळाला, ते पेपरात वाचलं तेव्हा मला ती पेन्सिलीची ओळ आठवली. 2011 साली तर गडचिरोलीला स्वतंत्र गोंडवाना विद्यापीठ झालं. पेपर तपासायला नागपूरची वाट धरायचं कारण उरलं नाही. मी 2018 ला निवृत्त होऊन चंद्रपूरला राहायला आलो.

चंद्रपूरच्या तुरुंगाच्या आवारात एक पिंपळ आहे. बाबुरावांना फाशी दिलं ती हीच जागा म्हणतात. दर वर्षी 21 ऑक्टोबरला तिथं लोक जमतात. 2019 साली मीही गेलो होतो. गर्दीत कोणीतरी मागून हाक मारली, ‘सर!’ वळून बघतो तो सतरा नंबर. केसांत पांढऱ्या बटा, खांद्याला पर्स, आणि भोवती शाळेची दहा-बारा पोरं. बाई आता मास्तरीण झाल्या होत्या.

विचारपूस झाली. मग ती हसून म्हणाली, ‘सर, एक विचारू का जी? अर्धा मार्क काऊन कापला होता?’

सव्वीस वर्षं तो अर्धा मार्क तिनं जपून ठेवला होता! मी नेहमीप्रमाणं घसा खाकरला. मग सावध झालो. म्हटलं, ‘त्याचं कारण धार्मिक. इतिहासाला पैकीच्या पैकी मार्क देऊ नयेत, असा आमचा धर्मच आहे.’ मनात म्हटलं, चला, तो खण आज एकदाचा भरला.

ती खूप हसली. पण ती माझीच विद्यार्थिनी. म्हणाली, ‘आणि धर्म काढून बघितला तर काय उरते जी?’

मी पिंपळाकडं बघितलं. बाकीचे प्राध्यापक काय म्हणतील, पेपर वर गेला तर काय, एका मुद्द्याला पाच मार्क दिले म्हणून कोणी जाब विचारला तर काय. जाण्यासारखं माझ्याजवळही काहीतरी होतंच की.

‘भीती,’ मी म्हटलं.

‘बरोबर,’ ती म्हणाली.

‘मग आता पाच समज.’

तिनं पोरांना जवळ ओढलं. ‘हे माझे सर,’ ती म्हणाली. ‘यांना मले पुरे मार्क द्यायला सव्वीस वर्षं लागले.’

त्यातलं एक बारकं पोरगं लगेच मान वर करून म्हणालं, ‘काऊन?’